हळदीचं गाणं आमचं, क्लेम डीजेचा: ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं एक प्रकरण

हे सविस्तर लिहितोय कारण आगरी-कोळी गाणी करणाऱ्या ग्रुपमध्ये असं आता कुणाचं ना कुणाचं होतच असतं आणि प्रत्येक जण तीच धावपळ पहिल्यापासून करतो. नावं सगळी काढलीत, गावही सांगत नाही, ठाणे-बेलापूर रोडला लागून असलेलं नवी मुंबईतलं एक गावठाण एवढं पुरे. माझा संबंध इतकाच की गाण्याचं डबिंग आणि मिक्सिंग माझ्याकडे ठाण्याच्या स्टुडिओत झालं आणि नंतर लफडं झाल्यावर सगळे परत माझ्याकडेच आले.

पार्श्वभूमी

ग्रुपचा मुख्य गायक, ज्याला गावात लहानमोठे सगळे दादाच म्हणतात, तो दिवसा एमआयडीसीत नोकरीला आणि लग्नसराईत हळदीच्या रात्री स्टेजवर. बरोबर बेंजो, ढोलकी, पॅड आणि कीबोर्ड. आमच्याकडची हळद ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो, लग्नापेक्षा हळदीला गर्दी जास्त असते, आणि रात्री दहाला आवाज बंद करायचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, पाळतात किती ते विचारू नका. त्या एका रात्रीत कुठलं गाणं चाललं त्यावर त्या वर्षीचं बुकिंग ठरतं.

दादाचे वडीलपण गायचे. कॅसेटच्या काळात एका कंपनीने त्यांच्याकडून अख्खी एक बाजू गाऊन घेतली, एकरकमी पैसे दिले, वर थोड्या कॅसेट फुकट, आणि मग ती कॅसेट कार्ल्याला एकवीरा आईच्या चैत्री यात्रेत स्टॉलवर वाजताना त्यांनी स्वतः ऐकली. किती खपल्या ते त्यांना कधी कळलं नाही, विचारायचं कुणाला तेही माहीत नव्हतं, कागद तर घरात नाहीच. पुढे व्हीसीडी आली, मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देणारे आले, तिथे तर गायकाचं नावच गायब, फाइलचं नाव 'हळदी नॉनस्टॉप ३' असलं काहीतरी. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, गावातली म्हातारी माणसंसुद्धा यूट्यूबवर गाणी लावायला लागली आणि पहिल्यांदा असं झालं की गायक कंपनीकडे न जाता स्वतः गाणं लोकांपर्यंत नेऊ शकतो आणि किती जणांनी ऐकलं तो आकडाही त्याला स्वतःला दिसतो. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं आणि जुलैत रील्स आले, तेव्हापासून तर अख्खं गाणं कमी आणि मुखडाच जास्त चालतो.

आता हे गाणं. मुखड्याच्या दोन ओळी धवल्यातल्या. आगरी लग्नात धवलारीण विधींच्या वेळी जी गाणी म्हणते ते धवले, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले, लिहून ठेवलेले फार थोडे. दादाची आत्या धवलारीण आहे, तिच्याकडून त्या ओळी घेतल्या. अंतरे दादाने स्वतः लिहिले, अंतऱ्याची चाल आणि म्युझिक कीबोर्डवाल्याचं. स्टुडिओचे पैसे चुलतभावाने दिले. चॅनल पुतण्याने स्वतःच्या जीमेलवर उघडलेला कारण घरात त्यालाच ते जमायचं. कागद? एकही नाही. घरातलेच सगळे, कागद कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता.

गाणं चाललं. चॅनलची मॉनेटायझेशनची अट, म्हणजे १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास वॉचटाइम, ती आधीच्या हळदीच्या व्हिडिओंवर कधीच पार झालेली होती, त्यामुळे पैसे लगेच सुरू झाले. जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनलवाल्याला मिळतात. रक्कम फार मोठी नव्हती, पण दादाने वडिलांना मोबाइलवर ती दाखवली होती.

अडचण काय झाली

ऐन सीझनमध्ये एका डीजेने याचं रीमिक्स केलं. डीजे परका नाही, कल्याणच्या बाजूचा, याच पट्ट्यात वाजवतो, दादाला ओळखतो. रीमिक्समध्ये पहिला मुखडा त्याने जसाच्या तसा ठेवला, खाली बीटसुद्धा नाही, नुसता दादाचा आवाज, आणि मग ड्रॉप, म्हणजे एकदम जोरात बीट. खरं सांगायचं तर रीमिक्स चांगलं होतं. रील्सवर तेच उचललं गेलं.

रीमिक्स त्याने डिस्ट्रिब्युटर ॲपमधून सगळीकडे टाकलं. ही ॲप्स वर्षाला थोडे पैसे घेतात नाहीतर उत्पन्नात हिस्सा घेतात, आणि गाणं सगळ्या म्युझिक ॲपवर चढवून देतात. अपलोड करताना एक पर्याय येतो, यूट्यूब कंटेंट आयडी. त्यावर टिक केलं की तुमचं ऑडिओ यूट्यूबकडे नमुना म्हणून जमा होतं आणि दुसऱ्या कुणाच्याही व्हिडिओत तो आवाज सापडला की आपोआप क्लेम लागतो, म्हणजे हा आवाज आमचा असा दावा. डीजेने सगळ्यावर टिक केलं. त्याच्या हार्डडिस्कमधलं दादाचं गाणं आता यूट्यूबच्या लेखी डीजेचं झालं, आणि मशीनने शोधत शोधत पहिलं कुणाला पकडलं तर ओरिजिनल गाण्याला.

व्हिडिओ बंद झाला नाही, व्ह्यूज वाढतच होते, फक्त जाहिरातीचे पैसे क्लेमवाल्याकडे जायला लागले. क्लेमचा मेल पुतण्याच्या जीमेलवर आला आणि तिथेच पडून राहिला. यूट्यूबचे पैसे महिन्याच्या २१ ते २६ तारखेला निघतात. ती तारीख आली, गेली, काही जमा नाही, म्हणून दादाने पुतण्याला विचारलं आणि मग बघितलं तर व्हिडिओच्या पुढे 'कॉपीराइट' लिहिलेलं. हक्क सांगणारा म्हणून एका डिस्ट्रिब्युटर कंपनीचं नाव, जे यांच्यापैकी कुणी आयुष्यात ऐकलेलं नाही.

इथे एक गोष्ट हातची गेली. क्लेम लागल्यापासून ५ दिवसांत डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे यूट्यूब बाजूला राखून ठेवतं आणि शेवटी जो जिंकेल त्याला देतं. ५ दिवसांनंतर टाकला तर डिस्प्यूटच्या तारखेपासूनचेच. मधले सगळे डीजेच्या खात्यात. आणि ते दिवस म्हणजे भर लग्नसराई.

काय काय पर्याय होते

रविवारी सगळे जमले, मलाही बोलावलं. चर्चा कमी आणि भांडण जास्त, पण त्यातून चार रस्ते निघाले.

बेंजोवाला म्हणाला सोडा, व्ह्यूज वाढतायत ना, बुकिंग येतंय ना, यूट्यूबचे पैसे काय असे मोठे. हे ऐकायला हार मानल्यासारखं वाटतं पण हिशोबाने अगदीच चुकीचं नव्हतं, हळदीची एक सुपारी महिन्याच्या यूट्यूबपेक्षा जास्त देते. दादाला ते पटलं नाही कारण आज क्लेम आहे, उद्या हाच माणूस व्हिडिओ काढायला लावू शकतो.

चुलतभाऊ तापलेला, स्ट्राइक मारा म्हणे. म्हणजे डीजेच्या चॅनलवरच्या रीमिक्सवर कॉपीराइटची तक्रार करून ते काढायला लावायचं. ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक झाले की चॅनल जातं, आणि डीजेने बाकीच्यांची गाणीपण अशीच वापरलेली, त्यामुळे त्याचं चॅनल उडण्याची शक्यता खरीच होती. मी याला विरोध केला. ज्याच्याकडे हक्काचा एक कागद नाही त्याने दुसऱ्यावर कायदेशीर तक्रार टाकायची म्हणजे उद्या समोरच्याने विचारलं की रेकॉर्डिंगचा मालक नक्की कोण, तर काय सांगणार? पैसे दिले चुलतभावाने, चॅनल पुतण्याचं, गाणं दादाचं. आपल्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली तो, आणि पहिला मालक तोच. पैसे दिले म्हणून आपोआप मालक होत नाही. हे ऐकल्यावर चुलतभाऊ थोडा वेळ माझ्याशी बोलला नाही.

तिसरा रस्ता एका लेबलचा, म्हणजे म्युझिक कंपनीचा. त्यांनी याच दरम्यान फोन केलेला, गाणं आम्हाला द्या, क्लेमबिम सगळं आम्ही बघतो, एकरकमी पैसे घ्या. कागदात लिहिलेलं: कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, सर्व माध्यमांसाठी. वडिलांची कॅसेट आठवून दादाने तो बाजूला ठेवला, नाही पण म्हटलं नाही.

चौथा, डिस्प्यूट टाकायचा. यावर शेवटी एकमत झालं, पण खरा वाद पुढेच होता.

डिस्प्यूटच्या फॉर्ममध्ये कारण निवडावं लागतं. पुतण्याचा हात 'पब्लिक डोमेन'वर, कारण धवला पारंपरिक, कुणाच्याच मालकीचा नाही, मग डीजेचा कसा? सगळ्यांना एकदम पटलं. मला नाही पटलं. मशीनने धवला पकडलाच नव्हता, मशीनने दादाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग पकडलं होतं. क्लेमच्या तपशिलात कुठल्या सेकंदापासून कुठपर्यंत जुळलं ते दाखवतात, तिथे मुखडा तर होताच पण दादाने लिहिलेला अंतरापण होता. ओळी सगळ्यांच्या असतील, पण त्या दिवशी माइकसमोर गायलेलं गाणं सगळ्यांचं नाही. 'पब्लिक डोमेन' लिहून दिलं असतं तर आपणच आपल्या हाताने सांगितलं असतं की हे कुणाचंच नाही, घ्या. शिवाय ते जुळलेलं बघून आणखी एक शंका मिटली. मला भीती होती की कीबोर्डवाल्याने वापरलेला विकतचा लूप, म्हणजे म्युझिकचा तयार तुकडा, डीजेनेपण वापरला असेल आणि जुळलंय ते लूपमुळे. तसं असतं तर केस वेगळी, असले लूप कुणीही विकत घेऊ शकतो म्हणून त्यांच्यावर कंटेंट आयडीत हक्क सांगता येत नाही. पण जुळलेल्या भागात सुरुवातीला लूपच नव्हता, नुसता आवाज होता.

म्हणून कारण निवडलं: हे आमचं ओरिजिनल आहे.

काय केलं

माझ्याकडे स्टुडिओच्या डिस्कवर डबिंगचं अख्खं सेशन होतं, दादाच्या आवाजाचे कच्चे टेक, त्यात तो मध्येच खोकतो आणि 'परत घे रे' म्हणतो तेपण, फाइलवर तारखा. स्टुडिओचं बिल होतं. ढोलकीवाल्याच्या मोबाइलमध्ये डबिंगच्या दिवशीचा व्हिडिओ होता, स्टेटसला टाकायला काढलेला. आणि अपलोडची तारीख तर यूट्यूबवरच, रीमिक्सच्या आधीची. हे सगळं चार ओळीत लिहून डिस्प्यूट टाकला. क्लेमवाल्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, नाही दिलं तर क्लेम आपोआप सुटतो. आम्ही धरून चाललो की सुटेल.

सुटला नाही. डिस्ट्रिब्युटरकडून डीजेच्या ॲपवर नोटीस गेली की तुमच्या गाण्याच्या क्लेमवर कुणीतरी हरकत घेतली आहे, आणि डीजेने 'क्लेम कायम ठेवा' दाबलं. त्याला वाटलं त्याचं रीमिक्स कुणीतरी चोरून चढवलंय. हे नंतर कळलं. त्या वेळी मात्र इकडे सगळे म्हणायला लागले की माणूस नालायक आहे, मुद्दाम करतोय.

आता अपील. इथे धोका वाढतो, कारण अपीलनंतर क्लेमवाल्याला ७ दिवसांत एकतर क्लेम सोडावा लागतो नाहीतर व्हिडिओ काढायची रीतसर मागणी करावी लागते, आणि ती मान्य झाली की स्ट्राइक तुमच्या चॅनलवर. फॉर्ममध्ये खरं नाव, पत्ता द्यावा लागतो आणि तो समोरच्याकडे जातो. पुतण्या घाबरला, त्याचं म्हणणं बरोबरच होतं, गाणं काकाचं आणि कायदेशीर फॉर्मवर सही माझी का? शेवटी चॅनलच्या परवानग्यांमध्ये दादालाही जोडलं आणि अपील दादाच्या नावाने भरलं.

आणि त्याच दिवशी, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं असं मी म्हणेन, दादाने डीजेला फोन लावला. मधे ओळखीचा एक बँडवाला घेतला. दोघं ठाण्याला तलावपाळीवर भेटले, मी होतो. डीजे पोरगा पंचविशीचा, आधीच धास्तावलेला. "दादा, आईशप्पथ मला माहीतच नव्हतं तुमच्यावर लागलंय, मी तर सगळ्यावर टिक करून टाकतो." दादा म्हणाला, "भावा, टिक करायच्या आधी एक फोन करायचास." तिथे बसूनच त्याने ॲप उघडलं, नोटीस दाखवली, खरंच त्यावर गाण्याचं नाव त्याच्या रीमिक्सचं आणि बाकी नुसती एक लिंक, जी त्याने उघडलीच नव्हती.

तडजोड अशी ठरली: डीजे डिस्ट्रिब्युटरला लिहून क्लेम सोडायला लावेल आणि रीमिक्स कंटेंट आयडीमधून काढेल. दादा स्वतःच्या नावाने डिस्ट्रिब्युटरचं खातं उघडेल, ओरिजिनल आणि रीमिक्स दोन्ही तिथून परत रिलीज होतील, रीमिक्सचं उत्पन्न निम्मं निम्मं. आधी गेलेल्या पैशांबद्दल दादाने काही मागितलं नाही, चुलतभाऊ अजून बोलून दाखवतो.

मग घरचा कागद केला. एकच पान, साधं मराठीत: निर्माता दादा आणि चुलतभाऊ दोघं, गीतकार दादा, संगीत कीबोर्डवाला, कुणाला किती हिस्सा, सगळ्यांच्या सह्या. आत्याला विचारलं तुझा हिस्सा किती टाकू, तर ती म्हणाली, "मना पैसं नको, नाव टाक." आता डिस्क्रिप्शनमध्ये पहिल्या ओळीत तिचं नाव आहे, गायकाच्याही वर. हिस्सा तरीही टाकलाय, तिला न सांगता, तिच्या नातीच्या खात्यावर.

निकाल

अपीलच्या मुदतीतच क्लेम सुटला. डिस्प्यूटनंतर राखलेले पैसे आले, त्याआधीचे नाही आले. रीमिक्स दादाच्या खात्यातून परत आलं, पण नवीन अपलोड म्हणजे व्ह्यूज शून्यापासून, आणि डीजेच्या जुन्या लिंकवरचे सगळे गेले, त्याचं नुकसान दादापेक्षा कमी नाही झालं.

रील्सचं मात्र सुटलेलं नाही. यूट्यूबवर काय ठरलं त्याचा बाकीच्या ॲपशी काही संबंध नसतो, प्रत्येकाची हक्क तपासायची यंत्रणा वेगळी. डीजेच्या नावाचा तो ऑडिओ वापरून लोकांनी आधीच ढिगाने रील्स केलेत, नवऱ्या मुलीला हळद लागतेय आणि खाली नाव डीजेचं. ते ऑडिओ काढायला लावलं तर त्या सगळ्या रील्सचा आवाज जाण्याची भीती, आणि त्या रील्स म्हणजे यांचीच गिऱ्हाइकं. दादाने ते तसंच ठेवलं. मला हा निर्णय बरोबर वाटतो, कीबोर्डवाल्याला अजिबात नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कागद आधी व्हायला हवा होता हे सगळेच म्हणतात, पण मला त्यापेक्षा मोठी अडचण पुतण्याच्या जीमेलची वाटते. पैसे कुठे जातायत ते सांगणारा मेल ज्याच्याकडे येतो तो माणूस गाण्याच्या व्यवहारात नसेल तर ५ दिवसांची मुदत कुणालाच पाळता येणार नाही. चॅनलवर दोन-तीन जणांना परवानगी द्यायला पाच मिनिटं लागतात.

दुसरं, फोन आधी की डिस्प्यूट आधी. आमच्यासारख्या लहान वर्तुळात फोन आधी. आमच्या डिस्प्यूटमध्ये डीजेसमोर नाव गेलं नाही, नुसती लिंक गेली, आणि लिंक बघून कुणालाही चोर आलाय असंच वाटतं. पण क्लेम अनोळखी परदेशी कंपनीकडून असता तर फोनच्या नादात ५ दिवस घालवणं महागात पडलं असतं. दोन्ही एकाच दिवशी करावं.

तिसरं कंटेंट आयडीचंच. दादाने आता स्वतःच्या गाण्यावर ते चालू करायचं का, यावर परत बैठक झाली. चालू केलं तर लग्नाचे व्हिडिओ टाकणारे फोटोग्राफर, घरचे लोक, सगळ्यांवर क्लेम लागणार, आणि ज्यांच्या हळदीत वाजवलं त्यांच्याच व्हिडिओवर क्लेम म्हणजे पुढच्या वर्षी बुकिंगला विसरा. ठरलं ते असं: फक्त हेच एक गाणं द्यायचं, आवाजाशिवायचा नुसता म्युझिक ट्रॅक द्यायचा नाही कारण त्यात लूप आहे, लग्नाच्या व्हिडिओवर क्लेम लागला आणि कुणी सांगितलं की लगेच सोडायचा, आणि दुसऱ्या कुणी धवल्याच्या त्या ओळी स्वतःच्या आवाजात गायल्या तर काही बोलायचं नाही. शेवटचं आत्याने सांगितलेलं.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नसते, गाणं तयार झालं की हक्क तयार होतो, पण भांडणात दाखवायला नोंदणी बरी पडते. गीताच्या नोंदणीची फी ५०० रुपये आहे, रेकॉर्डिंगची २०००, अर्ज ऑनलाइन होतो. दादाने गीताची केली आहे, रेकॉर्डिंगची पुढच्या सीझनच्या पैशातून.

लेबलवाले परत विचारतायत. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा लिहून देता येत नाही, तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. त्यांच्या कागदात मुदत कायमस्वरूपी आणि प्रदेश जगभर असं स्पष्ट लिहिलंय, म्हणून दादाने ते दोन्ही खोडून ५ वर्षं, फक्त भारत असं करून पाठवलंय आणि आत्याचं नाव पहिल्या ओळीत राहील ही अट खाली पेनने लिहिली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.